बुबू, १९७८

“बुबूचं पहिलं नाव काय?”

शायल पेरमालने समोर पाहिले. टेबलापलीकडे उनाइसी वेरेमो बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाकडी पट्टी, आणि पट्टीची धार संदर्भसूचीतल्या एका ओळीखाली.

“पहिलं नाव कशाला, आंटी? सगळे नुसतं ‘बुबू, १९७८’ असंच लिहितात.”

“सगळे म्हणजे किती?”

“तेवीस निबंध. मी मोजलेत.”

“त्यांतल्या किती जणांनी मूळ अहवाल उघडला होता, तेही मोजलंस?”

शायलने घड्याळाकडे पाहिले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. सुवा या बेटांच्या राजधानीतल्या त्या विद्यापीठात प्रबंधाच्या संदर्भसूचीवर ग्रंथालयाच्या उनाइसीची सही झाल्याखेरीज परीक्षा विभाग प्रबंध हातात घेत नसे. ही सही ती एकतीस वर्षे करत आली होती. मुले तिला पाठीमागे ‘पट्टी’ म्हणत. हे तिला ठाऊक होते आणि वर्णन वस्तुस्थितीला धरून असल्याने तिची हरकत नव्हती. आजची मुदत चार वाजेपर्यंतची होती. ती हुकली की पदवी पुढच्या वर्षावर, आणि शायलच्या आईवडिलांनी तर दुसऱ्या बेटावरच्या लबासाहून बोटीची तिकिटेही काढली होती.

“एका आद्याक्षरासाठी अडवणार तुम्ही मला? सर म्हणाले, इतकं कुणी बघत नाही.”

“तुझे सर बघत नाहीत, म्हणून तर मला पगार मिळतो. बस. लिंबाच्या पानांचा चहा आहे थर्मासमध्ये, घे.”

खाली बंद दालनात शिंपल्यांच्या त्या सर्वेक्षण-अहवालाची एकुलती एक प्रत होती. पाने बुरशीने ठिपकेदार झाली होती आणि मागच्या खिशातल्या कागदावर नेल्याची शेवटची तारीख १९८६ सालची होती. म्हणजे तेवीसपैकी फार तर एकाने ती पाहिली असावी. बाकीच्या बावीस जणांनी एकमेकांना पाहिले होते.

ती घेऊन वर येताना उनाइसीने मुखपृष्ठ वाचले आणि ती जिन्यातच थांबली. लेखक क्रॅडक नावाचा कुणी सर्वेक्षक होता. बुबू मुखपृष्ठावर नव्हतीच. ती बेचाळिसाव्या पानावर होती.

‘नाइदोगो गावच्या बुबू सांगतात,’ असे तिथे लिहिले होते.

बुबू म्हणजे आजी. ज्या बेटांवर प्रत्येक घराच्या दारात एक बुबू बसलेली असते, तिथल्या माणसाला हे सांगावे लागू नये. पण कुणा परदेशी संशोधकाने ते आडनाव समजून सूचीत टाकले, आणि पुढे ते छापील असल्यामुळे खरे ठरले. उनाइसीला टोचले ते हे नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी एका प्रबंधात हीच नोंद तिच्यापुढे आली होती. तेव्हाही तिला शंका आली होती. तिने शोध घेतला, जगात बुबू आडनावाची माणसे सापडली, आणि तिने सही केली. आपल्या समजुतीला दुजोरा देणारा पुरावा हाती लागताच तिने शोध थांबवला होता. छापलेल्या अक्षरावर तिने आपल्या मातृभाषेपेक्षा अधिक विश्वास ठेवला होता.

मग तिने पुढचा मजकूर वाचला, आणि पुन्हा वाचला.

वर येऊन तिने अहवाल शायलपुढे ठेवला. “तुझ्या प्रबंधाचं पान एकशे बारा काढ. मोठ्याने वाच.”

“‘काइकोसो शिंपल्या नोव्हेंबरात अंडी सोडतात, या बुबू यांच्या मताच्या विरुद्ध, प्रस्तुत अभ्यासात त्या एप्रिल-मे महिन्यांत अंडी सोडतात असे दिसून आले.’”

“आता हे वाच.”

शायलने वाचले. “‘शिंपल्या अंडी केव्हा सोडतात हे मला ठाऊक नाही. ते मी पाहिलेले नाही. दुरुकाचे कोंब बाजारात येऊ लागतात तेव्हा त्या भरलेल्या असतात आणि दुरुका संपतो तेव्हा रिकाम्या. मधे काय होते ते शिंपल्यांना विचारा.’” तिचा आवाज हळू झाला. “दुरुका तर एप्रिल-मेमध्येच येतो.”

“हो.”

“मग नोव्हेंबर कुठून आला?”

“शहाऐंशीच्या निबंधात पहिल्यांदा. म्हाताऱ्या बाईने सांगितलं नाही, ते तिच्या तोंडी घातलं. पुढे बावीस जणांनी तिला पाठ केलं, आणि आता तू तिला खोटं पाडायला निघालीस.”

शायलने अहवाल मिटला. तिचा चेहरा उतरला होता. “पण आंटी, ‘विरुद्ध’ काढलं तर माझ्या प्रकरणात उरलं काय? तिला सगळं आधीच ठाऊक असेल, तर मी चार वर्षं चिखलात काय केलं?”

प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाला उनाइसी कधी वेळेचे कारण सांगत नसे.

“ती काय म्हणते ते नीट बघ. भरलेल्या पाहिल्या, रिकाम्या पाहिल्या, मधलं मला ठाऊक नाही. पाहिलं तेवढंच बोलली. एक पाऊल पुढे गेली नाही. इथे डॉक्टर झालेल्यांना हे जमत नाही. तिच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, तुझ्याकडे होता. ते मधलं तू पाहिलंस. तिने सोडलेली जागा तू भरलीस, आणि तेच तुझं नवं आहे.”

शायलने एकशे बारावे पान पुढे ओढले. मग पेन काढून ‘विरुद्ध’ या शब्दावर आडवी रेघ मारली. “लिहिते. पण नाव काय लिहू? ‘आजी, १९७८’?”

“ते माझ्याकडे लागलं.”

नाइदोगोच्या गावप्रमुखाचा नंबर मिळायला अकरा वाजले. त्याचे नाव कितिओने. उनाइसीने आपले गाव सांगितले मात्र, पलीकडून हसण्याचा गडगडाट झाला. तिचे डोंगरातले गाव आणि त्याचे खाडीकाठचे, यांच्यात तौवूचे नाते होते. दोन्ही गावांचा मूळपुरुष एक, आणि म्हणून एकमेकांची यथेच्छ टर उडवण्याची पिढीजात मुभा.

“डोंगरवाली! शिंपली उघडायला अजून कुऱ्हाडच घेता काय गं तुम्ही?”

“तुम्ही चिखलवाले चर्चमध्ये जाताना पाय धुता का, ते आधी सांग. काम आहे, कितिओने.”

“काम असल्याशिवाय डोंगर कधी खाली उतरलाय?”

तिने काम सांगितले. पलीकडचा आवाज एकदम संथ झाला.

“अठ्ठ्याहत्तर साली. हां. ती आमचीच बुबू, माझ्या बापाची मावशी.”

“कशावरून? गावात तेव्हा दहा बुबू असतील.”

“असतील की. पण त्या गोऱ्या साहेबाला चिखलात नेणारी एकटीच. माझी थोरली बहीण होती बरोबर. साहेब मांडीपर्यंत रुतला. ओढून काढला तर पाय आला, डावा बूट आलाच नाही. पुढे वर्षभर गावात कुणी काही हरवलं की म्हणायचे, साहेबाच्या बुटाशेजारी बघ.”

उनाइसीने अहवालाचे बेचाळिसावे पान हळूच पुढे ओढले. तळटीप तिने सकाळीच वाचली होती, पण कितिओनेपाशी त्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. ‘सर्वेक्षकाचा डावा बूट ओहोटीच्या चिखलात राहिला, मापे त्यामुळे उजव्या पायावर उभे राहून घेतली आहेत.’

दोन साक्षी, एकमेकींना न विचारता दिलेल्या. तिला याहून अधिक काही लागत नसे.

“तिचं नाव सांग, कितिओने.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“नाव कसं घेऊ गं मी? हयातीत कुणी घेतलं नाही. बुबूच म्हणायचे, नाहीतर थोरल्या लेकावरून हाक मारायचे. मोठ्यांचं नाव तोंडात घेत नाहीत, हे तुला का मी शिकवायचं?”

“मला ठाऊक आहे. पण इथली रीत उलटी आहे. इथे ज्याचा मान ठेवायचा त्याचं नाव लिहितात. नाव नाही लिहिलं, तर त्याचं बोलणं दुसऱ्याचं होतं. तिचं झालंय तसं, तेवीस वेळा.”

“आणि तू सही केलीस त्यावर?”

“एकदा केली. म्हणून मीच फोन केला, दुसऱ्या कुणाला सांगितला नाही.”

कितिओने तासाभराने चर्चमधून बोलला. बाप्तिस्म्याची वही त्याच्यापुढे उघडी होती.

“साल एकोणीसशे नऊ. आडनाव-बिडनाव नाही, एकच नाव. आता ऐक. मी नाव घेणार नाही. अक्षरं सांगतो. अक्षरं म्हणजे काही नाव नव्हे.”

“नव्हेच. सांग.”

“व्ही. ए. सी.” तो प्रत्येक अक्षरावर थांबत होता. “आय. एस. ई. परत व्ही. ए. झालं. आणि सी आपली. तिथले शहाणे ‘सी’ला ‘सी’ म्हणतील.”

उनाइसीने लिहिलेली आठ अक्षरे मनातच वाचली. त्यांच्या भाषेत सीचा उच्चार द. वादिसेवा.

तिने फोन टेबलावर ठेवला, दोन्ही तळहातांना खोलगट बाक दिला आणि तीन वेळा सावकाश टाळी वाजवली. गावच्या बैठकीत मोठ्या माणसाकडून काही स्वीकारताना वाजवतात तशी, घुमणारी. शायल टंकता टंकता थांबली. पलीकडूनही तशाच तीन टाळ्या आल्या.

“आता ती पुस्तकात बसणार?” कितिओनेने विचारले.

“बसणार. शेवटून तिसरी.”

“तेवढी मागे?”

“वर्णक्रम आहे, चिखलवाल्या. तिथे प्राध्यापकांनाही पुढे घुसता येत नाही.”

संगणकाने मात्र आडनावाचा रकाना रिकामा घेतला नाही. लाल चौकट आली. त्या तेवीसांतल्या काहींनी कदाचित याच चौकटीला घाबरून आजीला आडनाव केले असेल. उनाइसीने शायलला ती नोंद हाताने भरायला सांगितली: वादिसेवा, नाइदोगो; मौखिक माहिती, १९७८; नोंद क्रॅडकची, पान बेचाळीस. एकशे बाराव्या पानावर आता ‘विरुद्ध’ नव्हते. तिथे लिहिले होते, ‘वादिसेवा यांनी अचूक निरीक्षणानंतर जो प्रश्न मोकळा ठेवला होता, त्याचे उत्तर प्रस्तुत अभ्यास देतो.’

“‘अचूक’ हे तुझं मत झालं,” उनाइसी म्हणाली.

“काढू?”

उनाइसीने पट्टी त्या शब्दाखाली धरली. मग उचलली. “राहू दे. पुरावा आहे.”

सही झाली तेव्हा चारला वीस मिनिटे कमी होती. शायल जिन्याकडे पळाली आणि अर्ध्यातून परत आली. “आंटी, पदवीदानाला याल? आई रोटी घेऊन येणार आहे, खेकड्याच्या रश्श्याबरोबर.”

“येईन. जा आता. तिथलं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे.”

मग ती तळमजल्याच्या मार्गिकेत गेली. संदर्भ-नोंदींच्या जुन्या कार्डांचे कपाट तिथे होते. त्यावर आता लोक ओल्या छत्र्या ठेवत. तिने छत्र्या एकेक करून खाली उतरवल्या आणि दुसरा खण ओढला. कार्ड जागेवर होते, तिच्याच अक्षरातले, एकोणीस वर्षांपूर्वीचे. ‘बुबू. आद्याक्षर अज्ञात.’

कार्ड फाडता आले असते. पण प्रयोगशाळेतली मुले वहीत चूक झाली की जशी खोडतात, तशी तिने त्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचे वाचता येईल अशी. रेघेखाली लिहिले, ‘पाहा: वादिसेवा.’ त्याखाली तारीख, आणि आपली आद्याक्षरे.

खण लावला. मग छत्र्या होत्या तशा कपाटावर ठेवल्या.