बोटभर उघडा पत्रा

मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्याचा आवाज मोठा करत आलो. माझा स्वतःचा आवाज मला कुणी दिलाच नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे ते जरा अडखळत सांगेन, सांभाळून घ्या. मी मोटारीच्या डिकीत बसवलेला एक जुना ॲम्प्लिफायर आहे. टेपमधून येणारं बारीकसं गाणं घ्यायचं, त्याला बळ द्यायचं आणि स्पीकरकडे धाडायचं, एवढंच माझं काम. माझ्या एका कोपऱ्यात हिरवा दिवा आहे आणि तो अजून लागतो. बाकी मिरवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. माझे भाग एका चष्मेवाल्या बाईने जोडले. तिचा हात इतका हलका होता, की तारा जोडणारा कथलाचा डाख कधी लागला ते कळायचंही नाही. शेवटी तिने मला वाजवून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. ते माझं पहिलं कौतुक. पुढे दुकानाच्या फळीवर बरेच दिवस धूळ खात पडलो आणि मग मला एका रंगाऱ्याने घरी नेलं.

हा रंगारी गाड्यांचा. ठोकर खाल्लेली गाडी त्याच्याकडे यायची आणि परत जाताना तिच्या दारात तोंड पाहून भांग पाडता यायचा, म्हणून सगळे त्याला आरसा म्हणत. उघडा पत्रा त्याला जखमेसारखा वाटायचा. कुणाच्या गाडीचा नखाएवढा पोपडा उडालेला दिसला, की हा गडी भरल्या ताटावरून उठून ब्रश आणणार.

"अहो, माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीत," बायको म्हणायची.

"तुझा रंग कुठे उडालाय?" तो म्हणायचा.

ही बायको लग्नाआधी गायची. गाण्याच्या वर्गात तिची एक कॅसेट भरून घेतली होती. पुढे तिला दम लागायला लागला आणि दोन ओळींच्या पुढे गाणं जाईना. घरातला टेपरेकॉर्डरही मोडीत गेला. त्यामुळे तिचं गाणं उरलं होतं ते त्या एका कॅसेटवर आणि ऐकू यायचं ते फक्त गाडीत.

मला बसवलं तिच्या धाकट्या भावाने. तो गाड्यांचं वायरिंग करायचा. डिकीच्या तळाचा बोटभर रंग त्याने पॉलिश पेपरने घासून काढला, पत्रा लखलखीत उघडा केला आणि माझी काळी वायर तिथे बोल्टने घट्ट आवळली. ती माझी अर्थिंगची वायर. माझ्याकडे आलेली वीज तिच्यातून गाडीच्या पत्र्यात परत जाते. तुमच्या घरात जशी मोरी, तशी ती माझी. ती मोकळी असली की सगळं सुरळीत चालतं.

ते माझे सोन्याचे दिवस होते. सुटीला दोघं नदीकाठच्या रस्त्याने निघायची. कॅसेट सुरू झाली, की आरसा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायचा. बायको पदर तोंडाला लावून म्हणायची, "बंद करा हो, लाज वाटते." बंद कधीच कुणी केलं नाही. डिकीत अंधार होता, शेजारी जॅक आणि फाटकी चप्पल होती, पण मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

मग आरशाचे कान बिघडले. पत्रा ठोकायचा हातोडा, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, सगळं त्याने वर्षानुवर्षं उघड्या कानांनी सोसलं होतं. पत्र्याची एवढी निगा राखणाऱ्या माणसाने कानात साधा कापसाचा बोळाही कधी घातला नाही. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "गेलेलं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "आधी उंच, बारीक आवाज जातील, मग बाकीचे. यंत्र लावलंत की बोलणं कळेल. गाण्याची खात्री मी देऊ शकत नाही."

परत येताना तो गाडीत बायकोला म्हणाला, "ऐकू येतंय तोवर तुझं गाणं पोटभर ऐकून घेतो. एकदा पक्कं डोक्यात बसलं, की नंतर मनातल्या मनात लावता येईल." एवढंच त्याला हवं होतं, मित्रांनो. आणि ते देणं माझ्या हातात होतं.

नेमकी त्याच आठवड्यात त्याने डिकी साफ करायला काढली आणि त्याला तो बोटभर उघडा पत्रा दिसला. "मेव्हण्याला काही लाज?" असं पुटपुटत त्याने बोल्ट सोडला, प्रायमर मारला, वर रंगाचे हात दिले, नीट वाळू दिले आणि माझी वायर पुन्हा त्या सुंदर रंगावर आवळून टाकली. रंगातून वीज जात नाही, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली आणि तिच्या गाण्यामागे शिट्टी वाजू लागली. बारीक, कानात घुसणारी. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. इंजिनाच्या जोरावर बॅटरी भरणारा जो अल्टरनेटर असतो, त्याचं ते गुरगुरणं. माझी मोरी तुंबल्यामुळे वीज गाण्याच्या नाजूक तारेतून वाट काढायची आणि ते गुरगुरणं सोबत आणायची. मी काय करणार? माझ्याकडे जे येतं ते मी मोठं करतो. त्यातलं गाणं कुठलं आणि शिट्टी कुठली, हे निवडणं मला कुणी शिकवलेलं नाही.

"इंजिन बंद करून ऐका की," बायको म्हणाली.

त्याने तेही करून पाहिलं. बॅटरी म्हातारी, तिने अर्ध्या गाण्यात मान टाकली आणि गाडी ढकलत घरी आणावी लागली. "तुझं गाणं काय असं जीव मुठीत धरून ऐकायचं?" तो चिडून म्हणाला. "चालत्या गाडीत ऐकेन, पहिल्यासारखं."

मेव्हण्याला बोलावणं गेलं. त्याने गाडी सुरू ठेवून माझ्यातल्या गाण्याच्या तारा उपसल्या, तशी शिट्टी थांबली. "म्हणजे याचं पोट साफ आहे," तो माझ्यावर थाप मारून म्हणाला. मग त्याने टेप तपासला, विजेची जाड वायर गाण्याच्या तारांपासून दूर नेली. शिट्टी हटेना. शेवटी त्याने माझा काळा बोल्ट खोलला आणि कपाळावर हात मारला.

"भाऊजी, इथे रंग कुणी मारला?"

"मी. तू पत्रा नागडा सोडला होतास."

"अहो, तो नागडाच हवा!" त्याने हसत हसत रंग घासला, बोल्ट आवळला आणि शिट्टी गेली. त्या दिवशी कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजली. आरसा गाडी इतकी हळू चालवत होता, की मागून भोंगे वाजत होते.

इथेच माझी गोष्ट संपली असती तर मी किती सुखी झालो असतो! पण हवा दमट झाली आणि बोल्टच्या कडेला गंजाचा ठिपका उमटला. आरशाने पाच-सहा दिवस कळ काढली आणि मग राहवलं नाही. बोल्ट सोडून त्याने आत रंगाचा एक पातळ हात फिरवलाच. शिट्टी परत आली. मेव्हणा परत आला. या वेळी तो हसला नाही.

"भाऊजी, सांगितलं होतं ना?"

"एवढ्याशा रंगाने काय होतंय? वायर तुझी खोटी आहे. तुझ्या कामाला कधी सफाई नव्हतीच."

हे मेव्हण्याला फार लागलं. पाना पिशवीत टाकून तो म्हणाला, "ताई, मी निघतो," आणि त्यानंतर त्या घरी आला नाही. बहिणीने दोघांची समजूत घालून पाहिली, पण दोघंही हटून बसले.

आरशाने एकट्याने शिट्टी शोधायचा सपाटा लावला. नव्या तारा टाकल्या. मला काढून माझ्या जागी दुसरा ॲम्प्लिफायर बसवला आणि मी पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून राहिलो. शिट्टी तिथेच, तेव्हा मला परत आणलं. सगळं बदललं, फक्त त्या सुंदर रंगाखाली त्याने पाहिलं नाही. रंग कुणाचं वाईट करील, यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. आणि हे सगळं चाललेलं असताना त्याचे कान आपल्या वाटेने जातच होते.

एके दिवशी नदीकाठच्या रस्त्याला लागताच त्याने बायकोचा हात धरला. "अगं, गेली! शिट्टी गेली!"

शिट्टी वाजत होती. मीच ती वाजवत होतो, जशी रोज वाजवायचो तशीच. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि काय गेलं ते तिला कळलं.

"हो," ती म्हणाली. "गेली."

"तू मात्र फार लांबून गातेयस. वाढव जरा."

घरी येताच तिने भावाला फोन केला. तो लगेच आला. त्याने रंग घासला, बोल्ट आवळला आणि मग आरशाच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "भाऊजी, आधी आवळायचं आणि मग वरून हवा तेवढा रंग मारायचा. चालतो."

आरशाने ब्रश आणला आणि बोल्टवरून रंगाचा हात फिरवला. काम फार सुरेख झालं. एवढं एक वाक्य मेव्हणा आधी बोलला असता, किंवा आरशाने आधी विचारलं असतं! पण एक रागात होता आणि दुसरा तोऱ्यात.

मित्रांनो, ज्याची निगा राखता त्याला नेमकं काय हवं आहे, ते जाणत्याला विचारत जा. आणि कान झाकून काम करा. पत्र्याला दुसरा रंग देता येतो.

आता मी अगदी स्वच्छ वाजतो. सुटीला दोघं अजून त्या रस्त्याने जातात. तो कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतो, कारण त्यातून गाणं डबा वाजवल्यासारखं येतं म्हणतो, आणि स्पीकरशी कान नेतो. तिचा तरुण आवाज मी सगळं बळ लावून पुढे पाठवतो. माझं अंग तापून निघतं. ती टेपचं बटण शेवटपर्यंत फिरवते.

"अजून वाढव गं," तो म्हणतो.

माझ्याकडे आता याहून जास्त नाही.