ओसरीवरचा स्टोव्ह

मंदीत कापसाचा भाव पडला, तसा बडनेऱ्याच्या बाजारात भाजीलाही कुणी विचारीना. सत्यवतीच्या मळ्यातली वांगी जागीच पिकून पिवळी पडू लागली. घरात घासलेट जेमतेम येई, कंदील एकच उरला, आणि स्वयंपाक पुन्हा मागच्या अंगणात, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर गेला. उतरला नाही तो तिच्या नवऱ्याचा, गोवर्धनचा तोरा. चांगल्या दिवसांत घेतलेला पितळी स्टोव्ह तो रोज संध्याकाळी ओसरीवर आणी, पंप मारी आणि त्याची फरफर गल्लीभर ऐकवी. वर ना भांडं, ना पातेलं! गल्लीनं ऐकलं की महाराज स्टोव्ह विझवत आणि अंधारात चाचपडत जेवत. ते पितळ उचलून विहिरीत टाकावं, असं सत्यवतीला रोज वाटे.

एके दिवशी तिवशाहून मनकर्णाबाई आपल्या मुलासाठी सत्यवतीच्या लेकीला, जयवंताला पाहायला आल्या. माणसं साधी, हुंड्याचं नाव नाही. लेकीला असं दुसरं स्थळ मिळणार नाही, हे सत्यवती जाणून होती. जयवंता मागं चुलीवर चहा करत होती. गोवर्धननं उरलंसुरलं घासलेट स्टोव्हमध्ये ओतलं आणि फरफरीवर आवाज चढवला. "आमच्या पोरीनं धूर कसा असते ते पायलंच नाही, बाई! सारं स्टोव्हवर."

मनकर्णाबाईंचा चेहरा पडला. "मंग कसं जमन, भाऊ? आमच्या घरी पऱ्हाट्याच. स्टोव्ह तं आमी दिवाळीलेच इकला. तुमची पोरगी रडन आमच्याकडं." पदर सावरून त्या उठल्या.

आता तरी खरं बोलावं की नाही? पण हा शहाणा पंपच मारत बसला! लेकीचं लग्न मोडलं तरी चालेल, पितळेची इज्जत राहिली पाहिजे. सत्यवतीनं मनकर्णाबाईंचा हात धरला. "बाई, जराशा मागं चला."

मागं जयवंता फुंकणी घेऊन चुलीशी वाकली होती. केसांत राख, डोळ्यांत पाणी. एकेक पऱ्हाटी ती बेतानं आत सारत होती. मनकर्णाबाई तिच्याजवळच टेकल्या, तिनं दिलेला धुरकट चहा शेवटपर्यंत प्यायल्या.

त्या परत ओसरीवर आल्या तेव्हा स्टोव्हनं आचके दिले आणि तो विझला. गोवर्धनचा हात पंपावरच होता.

"पोरगी पसंत हाय, भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "फक्त आंदणात हा स्टोव्ह देऊ नका. त्याले पोसणं आमाले परवडत नाही."