सातव्या दगडाच्या जागी

पहिला दगड.

नव्हता.

काल संध्याकाळी तुळसाने तो स्वतः ठेवला होता, करवंदीच्या जाळीपाशी, चुना फासून. नारळाएवढा. आता तिथं नुसता कातळ होता, आणि तिच्या पाठीमागे चाळीस माणसं. रत्नागिरीहून पहिल्या एसटीने आलेली. दोन नर्सबाई, बायकोमुलींसह एक वकील, बँकेतले दोघे, खाडीपलीकडच्या शाळेतल्या नसीमाबाई, बाकी घरंच्या घरं. कॉलेजच्या निसर्ग मंडळाने पत्रक वाटलं होतं: ‘चला, सडा पाहू. सर्वांना खुला. मे १९८६, पहिला रविवार. वाट दाखवतील: तुळसाबाई.’ गुरं घेऊन बारा वर्षं ती या सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर येत होती, पण आपलं नाव छापलेलं पहिल्यांदा बघत होती. वाचता येत नव्हतं. मंडळाच्या मायदेव सरांकडून तिने ते तीनदा वाचून घेतलं.

सात दगड, सात जागा. त्यातले सहा काहीतरी दाखवायला. सातवा माणसांना थांबवायला. त्याच्यापुढे बारा पावलांवर टिटवीची चार अंडी उघड्या कातळावर होती, कातळाच्याच रंगाची. ती सरांना म्हणाली होती, “त्यातलं एक जरी फुटलं तर पुढच्या खेपेला कागदावर माझं नाव घालू नका.”

दगड रचलेल्या गडग्यावर तिचे सासरे हरिश्चंद्र बसले होते. पांढरी बंडी, पांढरी टोपी, एखादी लढाई मारून आल्यासारखे.

“काय गो तुळसे, ही जत्रा कुठं चालली?”

“मामंजी, इथं एक पांढरा दगड होता.”

“सात होते. पहाटेला सगळे उपटले. फोडले नि गडग्यात भरले. आता कोणाचा बाप आला तरी मोजणी व्हायची नाय.”

गेल्या साली पलीकडच्या गावात मोजणीवाले आले होते. त्यांनी असेच पांढरे दगड मांडले आणि पुढच्या पावसाच्या आत तिथला चराईचा सडा गेला. गावाला पांढऱ्या दगडाचा एवढाच अर्थ ठाऊक होता.

“ते माझे होते,” तुळसा म्हणाली.

“तुजे? तू कधीपासून सरकार झालीस?”

बँकेतले हसले. तुळसाने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने टोपी काढली, परत घातली.

“मग घरात बोलायचं होतंस.”

“तुम्ही हसला असतात.”

“हसलो असतो,” ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

चुना खाली घरी. साधा दगड ठेवावा तर सगळा सडाच दगडांचा. नऊच्या गाडीने दुसरी तुकडी यायची होती, ती सर याच खुणांवर आणणार होते. तुळसाने माणसांकडे एकवार पाहिलं.

“नसीमाबाई, तुम्ही इथं उभ्या ऱ्हा. पयला दगड तुम्ही.”

दुसरा दगड: वकील. साळिंदराच्या बिळापाशी, हातात सापडलेला काटा धरून. कोर्टात उभे राहिले नसतील एवढे ताठ.

तिसरा दगड: थोरली नर्सबाई. खळगीतल्या वाळल्या चिखलाखाली बेडूक झोपलेत, म्हणून आल्यागेल्याला हळू बोला म्हणणारी.

चौथा. कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची विष्ठा, सगळ्या करवंदीच्या बिया. इथे उभं राहायला कोणी तयार होईना. शेवटी बँकेचा कॅशियर राहिला.

पाचवा. धाकटी नर्सबाई. सशाची वाट.

सहावा दगड: कॅशियरचा साहेब. इथे झुडपं सगळी एका अंगाला कललेली. “वारा दर्याकडनं येतो,” तुळसा म्हणाली, “म्हणून ती गावाकडं वाकतात. चुकलात तर घाबरायचं नाय. झाडं वाकलीत तिकडं चालायचं.”

सातवा.

जागा हीच, हे नक्की. पण दगडावाचून नेमकी कुठली? बारा पावलं जास्त पडली की सगळं संपलं. तेवढ्यात टिटवी उठली. केकाटत मागून आलेल्या हरिश्चंद्रांच्या टोपीवर झेपावली.

“अवलक्षणी पाखरू,” ते म्हणाले. “हिचं घर राखायला चाळीस माणसं? इथंच असणार बघ, इथंच ओरडतंय.”

“जिथं ओरडतं तिथं कायच नसतं, मामंजी. ती आपल्याला लांब नेते. बसा सगळी. आहे तिथं.”

बसले. ऊन चढत होतं. बोलायचं नाही, हात हलवायचा नाही. वकिलांची धाकटी मुलगीसुद्धा गप्प. टिटवी लांब उतरली. चार पावलं चालली, थांबली. परत चालली. ओरडणं बंद. मग अगदी मुकाट्याने, घरी उशिरा परतल्यागत, एका जागी पिसं फुलवून खाली बसली.

“तिथं,” तुळसा म्हणाली.

तुळसाने बारा पावलं अलीकडे पायाने रेघ मारली आणि मागे पाहिलं. उभं करायला कोणी उरलं नव्हतं. होते ते लहान मुलांचे आईबाप, आणि एक म्हातारा, पांढऱ्या बंडीत, पांढऱ्या टोपीत.

हरिश्चंद्र आपणहून रेघेवर येऊन उभे राहिले.

परतीची वाट. उन्हात माणसं किती उभी ठेवणार; दुसऱ्या तुकडीला आपणच न्यायचं, तुळसाने ठरवलं. सहावा दगड उठला, पाचवा उठला, चौथा तर पळतच आला. तिसरा, दुसरा, पहिला. जाळीपाशी मायदेव सर नवी तुकडी घेऊन उभे होते.

“तुळसाबाई, सगळे आले?”

“एक नाय.”

सड्याच्या त्या टोकाला एक पांढरा ठिपका होता. ती नव्या लोकांना घेऊन पुन्हा तिथवर गेली, तर म्हातारा घामाने निथळत तसाच उभा, काठी आडवी धरून. पुढच्या गृहस्थाने मान लांब केली तशी काठी त्याच्या पोटाला टेकली.

“इथवरच,” हरिश्चंद्र म्हणाले. “माझ्या सुनेनं रेघ मारलीय.”