दुपारच्या उन्हातला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना, हाताने चालवायचा हवेचा पंप आहे, आणि जे जे फुगलेले दिसते त्याच्यावर मी चटकन विश्वास ठेवत नाही. हा माझा स्वभाव नसून माझे काम आहे. चेंडू दिसायला गोल आणि टणक असतो. आत हवा किती आहे हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी माझ्या डोक्यावर घड्याळासारखी एक तबकडी बसवली आहे आणि तिच्यात एक काटा आहे. लोक बोलत असतात तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहत नाही, काट्याकडे पाहतो.

माझा जन्म जालंधरच्या एका लहान कारखान्यात झाला. पितळेची नळी, लोखंडी दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचा वायसर आणि टोकाला बारीक सुई. एवढेच माझे शरीर. खोक्यात बसून मी अमरावतीला आलो आणि राजापेठेतल्या खेळाच्या दुकानात काचेमागे उभा राहिलो. तिथून मला गजेंद्र सरांनी नेले. ते तिथल्या एका महाविद्यालयात बास्केटबॉल शिकवत. त्यांनी दुकानदाराच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. पिशवीतून स्वतःचा जुना पंप काढला, एकच चेंडू दोघांनी मोजला आणि दोन्ही काटे जुळले तेव्हाच मला पिशवीत टाकले. घरी आल्यावर त्यांनी माझ्या तबकडीवर लाल रंगाने एक बारीक रेघ ओढली. काटा या रेघेवर आला म्हणजे चेंडू खेळायला योग्य.

सरांच्या हाताखाली मी बरीच वर्षे राबलो. सुई आत घालण्याआधी ते ती पाण्यात बुडवत, म्हणजे चेंडूचे तोंड फाटत नाही. त्यांच्या संघातल्या मुलींपैकी प्रियदर्शनी तायडे ही एक अकोल्याची मुलगी होती. उंचीने बेताची, बोलणे कमी, प्रश्न फार. इतर मुली चेंडू हातात आला की पळत सुटत. ही आधी तो जमिनीवर टाकून पाही. सर तिला चिडवत, "काय व, चेंडूची सोयरीक जुळवून राहिली काय?" ती हसत नसे. पुन्हा टाकून पाही.

तिने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि तिला हिवरखेडच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर काम मिळाले. त्या दिवशी सरांनी मला तिच्या हातात दिले. अशा तऱ्हेने माझा मालक बदलला. हिवरखेडला कोणालाच हा खेळ ठाऊक नव्हता. गावातल्या लोहाराकडून तिने रिंग करून घेतली. पालकांना वाटले, मुलींना हातात गोळा देऊन ही बाई काय करते आहे. काही जण कुंपणाबाहेर उभे राहून पाहत. मीही त्यांच्याकडे पाहत असे. त्यांचा संशय फिटायला दोन हिवाळे गेले. मग तिथल्या मुली जिल्ह्याला खेळल्या, आणि अकोल्याच्या एका महाविद्यालयाने प्रियदर्शनी मॅडमना प्रशिक्षक म्हणून बोलावले. नेमणूक कंत्राटी होती. दरवर्षी करार संपायचा आणि दरवर्षी नवा व्हायचा. होईल की नाही हे शेवटपर्यंत कोणी सांगत नसे.

अकोल्यात माझी उपेक्षा झाली. महाविद्यालयाने विजेवर चालणारा पंप घेतला. तो घरघर करी आणि क्षणात चेंडू फुगवी. मी कपाटात, फाटक्या जाळ्यांच्या खाली पडून राहिलो. माझा वायसर वाळला. कपाटाच्या फटीतून मला मैदान दिसे. मॅडम मुलींना पहाटे खेळवत. अकोल्याचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. नऊनंतर सिमेंटच्या मैदानावर पाय ठेवावासा वाटत नाही, म्हणून सराव सूर्य वर येण्याआधी आटोपलेला असे. यात चूक आहे असे कोणालाच वाटले नाही. मलाही नाही.

या वर्षी आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. महाविद्यालयाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झाले. सामना अमरावतीला होता आणि समोर गजेंद्र सरांचाच संघ होता. संस्थेचे सचिव किसनराव मॅडमना म्हणाले, कप आला तर करार पुढे चालू, नाही आला तर आम्हाला अनुभवी माणूस पाहावा लागेल. ते हे गोड आवाजात म्हणाले. मॅडमनी मान हलवली.

त्याच आठवड्यात संघाची कर्णधार आकांक्षा एका दाखल्यासाठी कार्यालयात गेली होती. परत आली ती थेट मॅडमकडे. तिने सांगितले की गजेंद्र सर सचिवांच्या खोलीत बसले होते आणि सासरे आल्यासारखा त्यांच्यासाठी बाहेरून चहा आणि नाश्ता मागवला होता. सर दोन महिन्यांनी निवृत्त होणार हे सगळ्यांना माहीत होते. मॅडम तशाच उठल्या. त्यांनी कपाट उघडले, जाळी बाजूला केली आणि मला बाहेर काढले. माझ्या वायसरला तेल दिले. विजेच्या पंपावर आता त्यांचा भरवसा नव्हता. खरे सांगायचे तर कोणावरच नव्हता.

सामन्याच्या दिवशी त्यांनी सकाळी अकोल्यातच आमचे राखीव चेंडू स्वतः भरले. काटा बरोबर लाल रेघेवर होता. मग आम्ही निघालो. ऑक्टोबरचे ऊन होते आणि सामना भर दुपारी ठेवलेला होता. वेळ यजमानांनी ठरवली होती. गाडीत आकांक्षा म्हणाली की ही वेळ उगीच ठेवलेली नाही. कोणीतरी तिला गप्प केले, पण सगळ्याजणी तेच मनात घोळवत होत्या.

सामन्याचा चेंडू यजमानांचा असतो. पंचांनी तो सकाळी व्हरांड्यात तपासून मंजूर केला होता. नंतर तो गुणलेखकाच्या टेबलावर ठेवला गेला. टेबल उघड्यावर होते.

सामना सुरू झाला आणि आमच्या मुलींचे काहीतरी चुकू लागले. चेंडू बोर्डवर लागे आणि रिंगच्या पुढे उडून जाई. हातात आलेला चेंडू निसटे. जमिनीवर टाकला की अपेक्षेपेक्षा वर येई. अमरावतीच्या मुलींना मात्र काहीच त्रास नव्हता. त्या बोर्डवर चेंडू अलगद, जणू ठेवल्यासारखा मारत आणि तो आत पडे. मध्यंतरापर्यंत आम्ही खूप मागे पडलो. आकांक्षा बाकावर येऊन बसली आणि हातातला टॉवेल पिळत म्हणाली, "मॅडम, चेंडूत गडबड हाय. आईची आण."

मॅडमनी पंचांची परवानगी मागितली. दोन्ही संघांसमोर त्यांनी माझी सुई ओली केली आणि चेंडूत घातली. माझा काटा लाल रेघ ओलांडून बराच पुढे गेला.

किसनराव खास गाडी करून सामना पाहायला आले होते. ते उठून आमच्या बाकापाशी आले. "द्या लिहून तक्रार," ते हळू आवाजात म्हणाले. "पुरावा हातात हाय तुमच्या. सामना रद्द होते, अन् तुमची काळजीबी मिटते."

मी समोरच्या बाकाकडे पाहिले. गजेंद्र सर चष्मा पुसत होते. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही. मला ते फार संशयास्पद वाटले. ज्याने माझ्यावर रेघ ओढली त्याच्याच विरुद्ध मी साक्ष दिली होती, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. मी पंप आहे. जेवढा दाब होता तेवढा मी दाखवला.

पण मित्रांनो, माझा काटा दाब किती हे सांगतो. तो कशाने वाढला हे सांगत नाही. ही गोष्ट त्या मैदानावर बहुतेक सगळे विसरले होते. तक्रार मान्य झाली असती तर सामना पुन्हा झाला असता, मॅडमची नोकरी वाचली असती, आणि सर आयुष्यभराचे काम संपवताना लबाड ठरले असते.

मॅडमनी माझी सुई बाहेर काढली आणि बराच वेळ हातात धरली. मग त्या आमच्या बाकामागे गेल्या. तिथे जाळीच्या पिशवीत आमचा एक राखीव चेंडू पडला होता. तो सकाळपासून कोणी वापरला नव्हता. पिशवीवर ऊन आले होते. त्यांनी चेंडूवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. मग मला त्यात घातले.

माझा काटा पुन्हा रेघेच्या पुढे गेला. जवळजवळ तेवढाच.

हा चेंडू त्यांनी स्वतः, स्वतःच्या हातांनी, सकाळच्या गारव्यात भरला होता. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे शाळेच्या पुस्तकात असते. पहाटे खेळणाऱ्या मुलींना ते हाताने कधी कळले नव्हते. अमरावतीच्या मुली दुपारी सराव करत, त्यांना रोज कळत होते.

आकांक्षा म्हणाली, "पण आपला चेंडू कोनाले दिसला, मॅडम? फक्त त्यायचाच दाखवा."

"मले दिसला ना," मॅडम म्हणाल्या.

त्या पंचांकडे गेल्या. तक्रार नाही, म्हणाल्या, चेंडू उन्हाने तापला आहे, दोन्ही कर्णधारांची हरकत नसेल तर हवा रेघेपर्यंत कमी करून पुढे खेळू. दोन्ही कर्णधार तयार झाल्या. सरांनीही हरकत घेतली नाही. किसनराव परत आपल्या खुर्चीवर गेले आणि त्यांनी खुर्ची थोडी दुसरीकडे वळवली.

उत्तरार्धात आमच्या मुली चांगल्या खेळल्या. आता अमरावतीच्या मुलींची फेक तोकडी पडू लागली. फरक कमी होत गेला, पण भरून निघाला नाही. आम्ही एका बास्केटने हरलो.

बक्षिसे वाटून झाल्यावर मॅडम नळावर तोंड धूत होत्या. मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. गजेंद्र सर तिथे आले.

"सर, तुमाले माहीत होतं," मॅडम म्हणाल्या.

"माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"म्या तो उन्हात ठेवला नाही," सर म्हणाले. "उन्हातून उचललाबी नाही. तुह्या पोरींले दुपारी मी खेळवाव काय आता?"

मॅडमनी नळ बंद केला. मग त्यांनी विचारले की ते अकोल्याला कशासाठी आले होते. सर म्हणाले की सचिवांनी बोलावले होते आणि घरी बसून राहायची त्यांना धास्ती वाटते. याहून जास्त ते बोलले असते की नाही मला माहीत नाही, कारण तेवढ्यात किसनराव तिथे पोहोचले. मॅडम समोर असताना त्यांनी सरांना विचारले, "मंग सर, पुढच्या सत्रापासून येता ना?"

"जागा रिकामी हाय काय?"

किसनरावांनी मॅडमकडे पाहिले आणि म्हणाले की ते करता येईल.

"हिनं तक्रार लिहून देली असती तं आलो असतो," सर म्हणाले. "हिनं आपला चेंडू काढून मोजला. आता नाही येत. तुमाले तिच्याहून बरा मानूस भेटला तं ठेवून घ्या. मले तं कोनी दिसत नाही."

ते निघून गेले. जाताना त्यांनी मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला नाही, शाबासकीही दिली नाही. त्यांनी जागा खरोखर कशासाठी नाकारली, हे मला आजही ठाऊक नाही. मॅडमचे वागणे पटले म्हणून? की मॅडमसमोर त्यांना वेगळे काही बोलताच आले नसते म्हणून? माणसाच्या आत सुई घालता येत नाही. मॅडमनी मात्र घरी जाताना गाडीत कोणाला तरी फोनवर सांगितले, "सर खरं बोलले." मी ते पिशवीतून ऐकले.

किसनरावांना दुसरा कोणी सापडला नाही. मॅडमचा करार झाला, पुन्हा एका वर्षाचाच. आता त्या मुलींना एक दिवस पहाटे आणि एक दिवस दुपारी खेळवतात. दुपारच्या दिवशी मुली पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतात आणि मॅडमच्या पाठीमागे चष्मा पुसत गजेंद्र सरांची नक्कल करतात. मी टेबलावर असतो, सावलीत. विजेचा पंपही आहे. आमचे फारसे पटत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखा एखादा पंप असेल. त्याला उन्हात टाकू नका आणि त्याच्यावर बसू नका. त्याची सुई वाकली तर दगडाने ठोकून सरळ करू नका, नवी आणा. कोणाचा चेंडू तुम्हाला खोटा वाटला तर जरूर मोजा, संशय घ्यायला मी तुम्हाला मनाई करणार नाही. फक्त त्याच पंपाने, त्याच उन्हात, स्वतःचाही मोजा, आणि तो आधी मोजलात तर जास्त बरे. आणि हे सगळे मी सांगतो म्हणून खरे मानू नका. मी जुना झालो आहे. वर्षातून एकदा दुसरा पंप शेजारी आणा, एकच चेंडू दोघांनी मोजा, आणि माझा काटा अजून खरे बोलतो का, ते पाहून घ्या.