कोटाच्या अस्तरातली पिशवी

मित्रांनो, मी रबराची एक जुनी पिशवी आहे. पोट शेकायला गरम पाणी भरतात ना, ती. साच्यातून निघाले तेव्हा लालभडक होते. आता रंग विटलाय, तोंडाशी चिरा पडल्यात.

मी एका शिंप्याच्या घरी आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांना आतड्यांचा जुनाट आजार होता. मी शेक दिला की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "या घरात कामाची तेवढी हीच," ते म्हणत.

"मग स्वयंपाकही तिलाच सांगा," मास्तरीणबाई म्हणत.

पुढे पोटातल्या कळेपेक्षा कळेची धास्तीच मोठी झाली. बाहेर पोट बिघडलं तर? मास्तर घरातून उपाशी निघत, बस टाळत. लेक दुसऱ्या गावी बाळंत झाली, तरी नात बघायला जायचा धीर होईना. मग त्यांनी शिंप्याचीच युक्ती केली. कोटाच्या अस्तरात, अगदी पोटाशी, खिसा शिवला आणि मला त्यात ठेवलं.

"लोक म्हणतील, मास्तरांना पोट सुटलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मला मात्र फार मोठेपण वाटलं. मग माझ्यावाचून ते कोपऱ्यावरच्या दुकानातही जाईनात. एकदा ते लेकीकडे निघाले आणि बसमध्ये मी निवले. ते कळताच त्यांना घाम फुटला. पहिल्याच थांब्यावर उतरून ते घरी परतले. खरं तर तेव्हा त्यांचं पोट दुखतही नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी कोटाची शिवण चाचपली. "टाके सुरेख आहेत, मास्तर. पण हा खिसा उसवावा लागेल."

"आणि वाटेत कळ आली तर?"

"येईल. आणि ओसरेलही. ते बघायला तुम्ही कधी थांबलाच नाहीत. औषधं चालूच ठेवा, पण भीतीने पोट आणखी पिळवटतं, त्याचाही इलाज करू."

बाईंनी त्यांना आडवं केलं आणि मला पोटावर ठेवलं. "छाती नका फुगवू. पोटाने हिला सावकाश उचला, सावकाश खाली सोडा." मास्तर घरी रोज तसं करू लागले. मग एके दिवशी त्यांनी कात्रीच्या टोकाने खिसा उसवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे ते माझ्याविना बसने एका थांब्यापर्यंत जाऊन येत, मग त्याच्या पुढच्या. घाबरले तरी ठरल्या थांब्याआधी उतरत नसत.

अखेर ते दोन घास खाऊन लेकीकडे गेले. परतल्यावर बायकोला म्हणाले, "वाटेत कळ आली होती गं. बसून राहिलो. गेली. नातीचं नाक तुझ्यावर गेलंय." माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. असं दुर्लक्ष मला कधीही चालेल.

मित्रांनो, शेकून झालं की माझ्यातलं पाणी ओतून टाका, तोंड उघडं ठेवून मला उलटी टांगा. आणि घरातलं कुणी पोटापायी बाहेर पडायला भीत असेल तर त्याला हसू नका, फरफटत नेऊही नका. पहिल्या थांब्यापर्यंत सोबत जा. पुढचा थांबा कधी गाठायचा, ते त्याच्यावर सोपवा.