अक्षताचं निम्मं

अक्षता हिरेमठ गल्लीत शिरली की जुळे सोलापुरापासून विजापूर वेशीपर्यंतची कुत्री उठून तिला वाट द्यायची, आता बोला. सात वर्षं ती त्या गल्ल्या तुडवत होती. चपलांचे तळ इतके पातळ झालेले, की एकदा रस्त्यात पडलेलं नाणं तिनं न वाकता पायानंच ओळखलं, वर छापा हाय का काटा तेसुद्धा. खोटं वाटत असेल तर चहावाल्या सिद्धूला विचारा. ते नाणं त्यानंच चहाच्या पैशात घेतलं होतं.

काम काय, तर माणसांना विचारायचं. एका संशोधन केंद्रात ती कंत्राटी संशोधक होती. विडी वळणाऱ्या बायांची बोटं दुखतात का, कारखान्यातल्या माणसांना खोकला किती, नळाला पाणी किती दिवसाआड येतंय, असले प्रश्न छापून घ्यायचे आणि दारोदार फिरून उत्तरं आणायची. मराठी, कानडी दोन्ही तिच्या घरातली, तेलुगू गल्लीत शिकलेली, आणि दखनी अशी बोलायची की समोरची खाला बिर्याणीचं भांडंच पुढं सरकवायची.

केंद्राला दोन मजले. खालच्या मजल्यावर फिल्डवर जाणाऱ्या बाया, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर बसणारे बाप्ये. असं मुद्दाम कुणी ठरवलं न्हवतं म्हणे. बाईला बघून बाई दार उघडते, म्हणून बाया उन्हात. कॉम्प्युटरला गारवा लागतो, म्हणून वर एसी. आणि एसी लावलाच हाय तर त्यात कुणीतरी बसायला नको का, म्हणून बाप्ये. सगळ्यांचं कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने झाले की आठवडाभर ब्रेक, म्हणजे त्या आठवड्यात तुम्ही केंद्राचे कुणीच न्हाय. मग पुन्हा सही. सहीला प्रत्येकाला एकेकटं आत बोलवायचं, दार लावायचं, आणि केंद्राचे प्रमुख गुरुशांत सर सांगायचे, आपलं मानधन आपल्यापाशी, चारचौघांत काढायचं न्हाय. सगळ्यांनी ते पाळलं. बायांनी तर लई पाळलं.

वरच्या मजल्यावर विरेश बसायचा. तो आणि अक्षता एकाच दिवशी मुलाखतीला आलेले, एकाच बाकावर बसलेले. शिक्षण दोघांचं एकच, निकालातला वर्गही एकच. कॉम्प्युटर दोघांनाही सारखाच येत होता. पण त्याला वर पाठवलं आणि तिला खाली.

त्या पहिल्याच दिवशी दोघं सिद्धूच्या टपरीवर गेले. सिद्धूचा चहा असा, की त्यात चमचा उभा राहायचा आणि सांगितल्याशिवाय बसायचा न्हाय. विरेश पैसे द्यायला लागला, तर अक्षतानं हात धरला. म्हणाली, निम्मं तुझं, निम्मं माझं. उद्या कंत्राट सुटलं तर कुणाचं कुणावर ओझं नको. विरेशला ती ऐट आवडली. तेव्हापासून एक चहा दोन ग्लासांत, आणि पैसे निम्मे-निम्मे.

ब्रेकच्या आठवड्यात दोघं एसटीनं अक्कलकोटला जायचे. तेवढे दिवस कुणी सर न्हाय, कुणी वरचं न्हाय, कुणी खालचं न्हाय. तिसऱ्या का चौथ्या ब्रेकला मठाबाहेरच्या पायरीवर बसून विरेशनं लग्नाचं काढलं. अक्षता म्हणाली, आईला, आमच्या अव्वाला, एकटी सोडून मी येणार न्हाय, अव्वासकट येईन. विरेश म्हणाला, मग अव्वासाठी एक खोली जास्तीची बघू. होटगी रोडला दोन खोल्यांपेक्षा मोठी जागा बघायची ठरली, आणि बँकेत दोघांच्या नावानं खातं उघडलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला निम्मं त्यानं टाकायचं, निम्मं तिनं.

आता ते निम्मं अक्षतानं कसं काढलं, ते तिच्या अव्वाला ठाऊक. काशम्मा म्हणजे अक्षताची अव्वा. गुडघ्यानं अधू, पण जिभेनं न्हाय. पोरगी रिक्षा सोडून पायी यायला लागली, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागली, दोन भाकरींची एक झाली, वर म्हणायची की भूकच न्हाय. अव्वा म्हणायची, जागा घ्यायलीस का उपास करायलीस? एक दिवाळी अशी आली, की अव्वाच्या गुडघ्याला सुया टोचाव्या लागल्या आणि अक्षताचं निम्मं वेळेत पडलं न्हाय. टपरीवर मान खाली घालून तिनं विरेशची माफी मागितली. तो चालतंय म्हणाला, पुढच्या महिन्यात भर की. तिनं भरलं. शिकवणीची पोरं वाढवली आणि भरलं. त्या रात्री अव्वापाशी विरेशचं किती कौतुक केलं तिनं. एका शब्दानं टोचून बोलला न्हाय म्हणाली.

मग ह्या वर्षी केंद्राकडं एक नवाच अभ्यास आला. सोलापुरात कंत्राटी संशोधक म्हणून राबतंय कोण, बाया किती, बाप्ये किती, वय काय, भाषा काय, आणि सारख्या कामाला मानधन सारखं मिळतंय का. म्हणजे सात वर्षं दुसऱ्याच्या चुलीत डोकावल्यावर आता आपल्याच चुलीत. फिल्डवरच्या बाया हसून लोळल्या. त्यांच्यातली पिंकी म्हणाली, आता आपणच आपल्या दाराची कडी वाजवायची आणि आतून आपणच म्हणायचं, घरी कुणी न्हाय.

ह्या कामाचे नेम अक्षताला पाठ. प्रश्न छापलाय तसा वाचायचा. उत्तर सुचवायचं न्हाय. उत्तर आलं की त्याच माणसाला एकदा परत ऐकवायचं आणि 'बरोबर?' विचारायचं. आणि चेहरा कोऱ्या भिंतीसारखा ठेवायचा, काहीही ऐकलं तरी. त्यात अक्षताचा हात धरणारं कुणी न्हवतं. कुमठा नाक्याच्या एका बाईनं तिला नवऱ्याबद्दल सांगितलं होतं, माझा दाल्ला गेल्या आवसेला घारीनं उचलून नेला. अक्षतानं पापणी न हलवता विचारलं होतं, जाताना वय काय होतं?

आणखी एक नेम होता, ओळखीच्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची न्हाय. वरच्या मजल्याच्या मुलाखती म्हणून पिंकीकडं होत्या. पण पिंकीला सातवा लागला, जिना झेपेना. कंत्राटात बाळंतपणाची रजा न्हवती, म्हणून ती मानधनावर पाणी सोडून घरी बसली. गुरुशांत सरांना अहवालाची घाई. म्हणाले, वरच्या मजल्यावर एवढा विरेशच राहिलाय, आपलाच माणूस, अक्षता तू उरकून टाक.

अक्षता नेम मोडायला सहसा तयार झाली नसती. पण मनातून तिला जरा गंमतच वाटली. जिना चढून ती वर गेली, विरेशसमोर खुर्ची ओढली.

"तुमचं वय?"

"तुमचं?" विरेश हसला. "आजपासून अहो-जाहो व्हय?"

"छापलंय तसं वाचायचं असतंय."

"अडतीस. लिहा बाई."

"अडतीस. बरोबर? वैवाहिक स्थिती?"

"लग्न ठरलंय, असा पर्याय हाय का?"

"न्हाय."

"मग अविवाहित. पण दिवाळीपर्यंतच, असं बाजूला लिही की."

तिनं बाजूला काही लिहिलं न्हाय, पण कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. पुढचा प्रश्न, घरातलं कोण तुमच्या कमाईवर अवलंबून हाय. तो म्हणाला, कुणी न्हाय, अप्पांची पेन्शन हाय. तिनं ते परत ऐकवलं, बरोबर म्हणून घेतलं, आणि मानधनाचा प्रश्न वाचला.

विरेशनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. हा प्रश्न सोडून दे म्हणाला. सोडता येत न्हाय म्हणाली. मग अंदाजानं भर म्हणाला. घरी बसून भरलेला एक फॉर्म आजवर तिनं दिला न्हवता, ते त्यालाही ठाऊक होतं. खोटा आकडा सांगावा, तर ऑफिसच्या आकड्यांशी पडताळणी व्हायची, आणि न जुळणारे फॉर्म काढून द्यायचं काम विरेशचंच. न जुळलं तर बोल मुलाखत घेणाऱ्या बाईवर. एवढी लाज त्याच्यात होती, असं म्हणूया. त्यानं खिडकीकडं बघत खरा आकडा सांगितला.

अक्षताच्या मानधनावर त्या मानधनाचंच आणखी निम्मं ठेवलं, की तो आकडा व्हायचा.

त्या घटकेला भिंतीवरचं घड्याळ थांबलं म्हणतात. ते आधीच बंद होतं, पण लोकांना सांगायला तेवढंच. अक्षताचा चेहरा मात्र भिंतीसारखाच राहिला. घारीनं दाल्ला नेला तेव्हा राहिला होता तसा. तिनं आकडा परत म्हणून दाखवला. आपल्या तोंडानं, सावकाश.

"बरोबर?"

"बरोबर." मग तो हळू म्हणाला, "अक्षता, ऐक—"

"तुमच्याइतकंच शिक्षण आणि तुमच्याइतकाच अनुभव असलेल्या स्त्री सहकाऱ्याला तुमच्याइतकं मानधन मिळतं का? होय, नाही, माहीत नाही."

वाचून झालं आणि तिनं पेन धरून ठेवलं. आत एकच धावा चालला होता, माहीत नाही म्हण. माहीत नाही म्हण, मी ते लिहीन, जिना उतरीन, सिद्धूकडं जाऊ, निम्मा-निम्मा घेऊ, मी काही विचारणार न्हाय. पण उत्तर सुचवायचं न्हाय, असा नेम. डोळ्यांनीसुद्धा न्हाय. म्हणून तिनं खाली कागदाकडं बघितलं.

"नाही," विरेश म्हणाला.

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

विरेशनं पेन बाजूला ठेवलं.

"पहिल्या वर्षापासून."

"पहिल्या वर्षापासून. बरोबर?"

"बरोबर."

मुलाखत संपली की शेवटी दोन वाक्यं म्हणायची असतात. ती तिनं म्हटली. "वेळ दिल्याबद्दल तुमचे आभार. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

तो जिन्यावरून तिच्या मागं आला, रस्ता ओलांडून टपरीपर्यंत आला. त्यांना बघून सिद्धूनं न सांगता एक चहा दोन ग्लासांत ओतला. विरेश एकामागून एक सांगत सुटला. पहिल्या वर्षी सरांनी दार लावून सांगितलं होतं, तुझ्यावर घर उभं राहायचंय म्हणून तुला जास्ती देतोय. ती काय, आज ना उद्या लग्न होऊन जाईल. त्याला तेव्हाच सांगायचं होतं. पण ती भांडली असती, तिचं कंत्राट गेलं असतं. मग वर्ष गेलं, मग आणखी गेलं, आणि मग कुठल्या तोंडानं सांगायचं, तेच सुचेना. हातावर हात मारून म्हणाला, सगळं आपल्याच घरात येणार होतं की.

अक्षतानं ते सगळं ऐकून घेतलं. ऐकण्याचीच तर सवय होती तिला.

"दिवाळीत मी तुझी माफी मागितली," ती म्हणाली. "हितंच उभी राहून. तू काय म्हणालास, आठवतंय?"

विरेशनं ग्लास खाली ठेवला.

"चालतंय म्हणालो."

"मी मान खाली घातली होती, विरेश. तुझं तोंड मला दिसलं न्हाय. सात वर्षं माणसांची तोंडं वाचली मी, आणि तेवढं एक बघितलं न्हाय."

तिनं चहाचे पैसे ठेवले. आपल्या निम्म्याचेच. ग्लास तसाच सोडला. सिद्धूनं तो धुतला न्हाय. संध्याकाळपर्यंत त्यावर साय धरली, आणि ती साय इतकी जाड झाली की त्यावर माशीनं संसार थाटला, असं तो पुढं सांगायचा. सांगताना मात्र हसायचा न्हाय.

सोमवारी ती मानधनाचं विचारायला गुरुशांत सरांपुढं उभी राहिली. सर चष्मा पुसत म्हणाले, तुम्ही कधी मागितलंच न्हाय बाई. पुढच्या सहीला बघू म्हणाले. ती उरलेल्या मुलाखती करायला गेली. शहरभर फिरली, आणि दर बाईपाशी तोच प्रश्न तिनं तशाच कोऱ्या चेहऱ्यानं वाचला. बहुतेकींनी सांगितलं, माहीत नाही. अक्षतानं तसंच लिहिलं. तोच विचार सारखा मनात यायचा, ह्यांच्यापैकी कितीजणी घरी जाऊन कुणाचं कौतुक करत असतील.

खातं मिटवायला दोघं बँकेत गेले. विरेश म्हणाला, सगळं तूच घे, माझ्यापरीस तुझ्या निम्म्याला जास्ती कष्ट पडलेत. त्याचे डोळे भरले होते, ते खोटे न्हवते. अक्षता म्हणाली, न्हाय, ठरलं होतं तसंच. खातं बंद केलं आणि आपलं निम्मं तेवढं पर्समध्ये घातलं. पर्स इतकी हलकी लागली की तिनं दोनदा उघडून बघितली.

पुढचा ब्रेक आला. आठवडाभर ती केंद्राची कुणी न्हवती. अक्कलकोटची एसटी घराजवळच्या चौकातून जायची, आणि ह्या आठवड्यात ड्रायव्हर म्हणे मुद्दाम हळू चालवायचा. ती घरीच राहिली. अव्वाच्या गुडघ्याला तेल चोळत बसली.

"याकवा, का गं," अव्वा म्हणाली, "तो एवढ्यात आला न्हाय. भांडलात काय?"

"कोण, अव्वा?"

"कोण म्हणून काय विचारतीस? अक्कलकोटला जायचा की तुझ्यासंगं. मी धपाटे करून ठेवायची ती कुणासाठी?"

अक्षताचा हात गुडघ्यावर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

"त्यांचं नाव कुटं घ्यायचं न्हाय, असा शब्द दिलाय मी," ती म्हणाली.

अव्वानं तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं कोरी भिंत होती. सात वर्षं सोलापुरानं बघितलेली. काशम्मानं आपला खरखरीत हात उचलला, लेकीच्या गालावर ठेवला, आणि भिंत तेवढ्यानं ओली झाली.