अनवाणी उड्डाण

दोन रविवार मी माझी पाळी दुसऱ्यांना देऊन टाकली होती. आधी पुण्याच्या एका जोडप्याला, मग हैदराबादहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना. त्यांना परत जायची घाई आहे, असं मी मल्हारला सांगितलं. खरं कारण भीती होतं, आणि एकाहत्तराव्या वर्षी आपण हे काय करतोय, ही लाज.

मल्हार लहानपणी माझ्या वाचनालयात तासन्‌तास बसायचा. आता अक्कलकोट रस्त्याजवळच्या माळावरून तो पाठीला पंख्याचं इंजिन बांधून, कापडी पंखाखाली लोकांना आकाशात नेतो. हौशी माणसं इतकी वाढलीत की उन्हाळ्याआधी माझ्यासाठी फक्त आजची सकाळ उरली होती.

"सर, आज नाही तर एकदम दिवाळीनंतर," तो म्हणाला. माझ्या वयात दिवाळी कोण गृहीत धरतो?

माळ मायाप्पांचा. त्यांची मेंढरं तिथंच चरतात. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी मायाप्पा इंजिनाला भंडारा लावतात आणि तेवढा वेळ सगळे पायातलं काढून उभे राहतात. मीही नवे बूट काढून बाजूला ठेवले.

"मास्तर, भ्याला काय?" मायाप्पांनी पिवळं बोट माझ्याही कपाळाला टेकवलं.

"थोडा."

"मेंढरं बी पयल्या दिशी भ्याली. आता वर बगत बी न्हाईत."

"म्हंजी मास्तर मेंढरापरीस भित्रं की!" त्यांची बायको मायाक्का म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

त्या गडबडीत मल्हारनं माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवून मला पट्ट्यांनी स्वतःच्या पुढ्यात बांधलं. मागं इंजिन घरघरलं, पंख फुगून डोक्यावर आला. धावायच्या तयारीनं मी खाली पाहिलं, तर पाय उघडे. पुढं सगळीकडे सराट्याचे काटे पसरलेले.

एक शब्द बोललो असतो तर मल्हारनं इंजिन बंद केलं असतं. मग मी बूट घालायला गेलो असतो, आणि स्वतःला मी ओळखतो, परत आलो नसतो.

"पळा, सर!"

"अवो, पाय! पाय बगा त्यांचं!" मायाक्का ओरडली, पण इंजिनाच्या आवाजात मल्हारला ते ऐकू गेलं नाही.

मी पळालो. तीन काटे मोजले. चौथा टोचायला पायाखाली जमीनच नव्हती.

वर ऊन कोवळं होतं. काढणीला आलेली ज्वारी, अंगठीएवढ्या विहिरी, दूर शहरात उदबत्तीसारखी उभी गिरणीची चिमणी. इतकी वर्षं ज्या गावात मान खाली घालून चाललो, ते हेच का, अशी शंका आली. सगळं झोपेत पाहावं तसं हळू सरकत होतं.

"सर, दहा वर्षांनी लोक असेच अक्कलकोटला दर्शनाला जातील," हेल्मेटातल्या स्पीकरमधून मल्हार म्हणाला.

"चपला कुठं काढतील?"

तो हसला. मग वाकून बघत एकदम ओरडला, "सर! बूट कुठायत?"

"खाली."

"अहो, उतरताना परत पळायचंय! लगेच उतरू या का? दुखतंय ना?"

तळवे ठणकत होते.

"दुखतंय," मी म्हणालो. "अजून थोडं वर घे."